साबण आणि बाळाचा पहिला श्वास



'विज्ञान आणि आपण' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं होतं. एवढ्या मोठ्या विषयावर बोलणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. मी एक लहानसा प्रश्न घेऊन आले आहे. साबणासारखे रेणू आणि आपल्या पेशींच्या पडद्यात असतात तसे स्निग्ध रेणू एकाच भांड्यातल्या पाण्यात टाकले, तर काय होतं?

हा प्रश्न मी बी.एस्सी.च्या वर्गात शिकवते. पण तो वर्गात थांबत नाही. बाळ दहा आठवडे आधी जन्माला आलंय, त्याला श्वास घेता येत नाहीये, आणि डॉक्टर बाहेर येऊन वडिलांना सांगतात, "एक औषध द्यावं लागेल. ते डुकराच्या फुफ्फुसातून काढलेलं आहे. सही करा." त्या औषधाला डॉक्टर सर्फॅक्टंट म्हणतात. त्या वडिलांच्या हातात विचार करायला फार तर काही मिनिटं असतात. तो विचार आपण आज सावकाशीने, कुणाचंही बाळ काचेच्या पेटीत नसताना करून ठेवू. पण आधी थोडं रसायनशास्त्र. ते टाळून पुढे गेलं, तर उरतो तो फक्त फॉरवर्ड केलेला मेसेज.

साबणाच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपटी असते. डोक्याला पाण्याची ओढ असते, शेपटी तेलकट असते. शेपटी 'पाण्याला घाबरते' असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. मला ते फारसं पटत नाही. खरा आग्रह पाण्याचाच आहे. पाण्याचे रेणू सतत एकमेकांना धरून असतात. मध्ये तेलकट शेपटी आली की तिच्याभोवती त्यांना अवघडून उभं राहावं लागतं. म्हणून पाणी अशा शेपट्यांना एकत्र ढकलतं, म्हणजे कमी पाण्याला अवघडावं लागेल. शेपट्या आत, डोकी बाहेर, असा एक बारीक गोळा तयार होतो. त्याला मायसेल म्हणतात.

शाम्पूच्या बाटलीवर सोडियम लॉरिल सल्फेट हे नाव तुम्ही वाचलं असेल. एक लिटर शुद्ध पाण्यात ते साधारण सव्वादोन ग्रॅमपर्यंत सुटं सुटं विरघळतं. त्यापुढे जे घालाल त्याचे गोळे होऊ लागतात, एकेका गोळ्यात साधारण साठ रेणू. कुणी त्यांना रांगेत उभं करत नाही. प्रमाण ओलांडलं की ते आपोआप जुळतात. अशा रेणूंचं रसायनशास्त्रातलं सर्वसाधारण नाव सर्फॅक्टंट. फुफ्फुसाच्या डॉक्टरांनी तेच नाव एका वेगळ्या मिश्रणाला दिलं आहे, आणि त्यामुळे गोंधळ होतो. आज मी साबणवाल्यांना 'साबण' म्हणेन आणि फुफ्फुसातल्याला 'सर्फॅक्टंट'.

दुसरी जात फॉस्फोलिपिडची. अंड्याच्या बलकात, सोयाबीनमध्ये आणि आपल्या प्रत्येक पेशीच्या पडद्यात हे रेणू असतात. बिस्किटाच्या पुड्यावर 'इमल्सिफायर ३२२' लिहिलेलं असतं ना, ते लेसिथिन, म्हणजे प्रामुख्याने फॉस्फोलिपिडच. (हे आकडे शोधून 'हराम कोड'च्या याद्या फिरवणारे तुमच्यापैकी बरेच जण असतील. ३२२ बहुतेक वेळा सोयाबीनचं असतं. आणि नुसत्या आकड्यावरून पदार्थ झाडापासून आला की प्राण्यापासून, हे कळतच नाही.)

फॉस्फोलिपिडला एका डोक्यामागे दोन शेपट्या असतात. फरक एवढाच, पण त्याने सगळं बदलतं. एका शेपटीचा रेणू गाजरासारखा निमुळता असतो. गाजरं डोकी बाहेर ठेवून एकत्र बांधली की गोल जुडी होते. दोन शेपट्यांचा रेणू डब्यासारखा सरळसोट असतो. डबे शेजारी शेजारी लावले की पत्रा होतो, गोळा होत नाही. असे दोन थर पाठीला पाठ लावून बसतात आणि चार-पाच नॅनोमीटर जाडीचा पडदा तयार होतो. पडद्याच्या उघड्या कडांना पाणी लागतं, म्हणून तो वळून स्वतःला मिटून घेतो आणि पिशवी होते. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत ॲलेक बँगम यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा पिशव्या पाहिल्या. त्यांनाच पुढे लायपोसोम हे नाव पडलं.

आता दोघांना एकत्र आणू. समोरच्या ग्लासात मी सोया लेसिथिनची पूड कोमट पाण्यात बराच वेळ ढवळून ठेवली आहे. पाणी दुधाळ दिसतंय, कारण त्यात त्या पिशव्या तरंगताहेत आणि त्या प्रकाश विखुरतात. यात मी भांडी घासायचा लिक्विड सोप थेंबाथेंबाने घालते. पहिल्या काही थेंबांनी काहीच झालं नाही, बघा. साबणाचे रेणू पिशवीच्या पडद्यात पाहुण्यासारखे शिरून बसलेत. पडदा थोडा ढिला झाला आहे, गळूही लागला असेल, पण अजून शाबूत आहे. आणखी थेंब. आता पडद्याला पाहुणे पेलत नाहीत. गाजरं जास्त झाली की पत्रा सपाट राहू शकत नाही. तो फाटतो आणि त्याचे तुकडे होतात, काही थाळीसारखे, काही गांडुळासारखे लांबट. साबण त्यांच्या कडांवर बसून त्या झाकतो. आणखी घातलं की सगळे लहान लहान मिश्र मायसेल होतात आणि पाणी बरंच निवळतं.

प्रयोगशाळेत याची नीट मोजणी झाली आहे. अंड्याच्या लेसिथिनच्या पिशव्यांत ट्रायटॉन एक्स-१०० नावाचा साबण घातला, तर पडद्यातल्या दर तीन लेसिथिन रेणूंमागे सुमारे दोन साबणरेणू होईपर्यंत पडदा टिकतो. दर लेसिथिनमागे अडीचच्या आसपास साबण झाला की एकही पिशवी उरत नाही. मधल्या पट्ट्यात दोघं एकत्र नांदतात.

कोरोनाच्या काळात वीस सेकंद हात धुवा असं सांगत होते, त्यामागे हेच होतं. त्या विषाणूचं वेष्टण फॉस्फोलिपिडच्या पडद्याचं आहे, आणि साबण ते विस्कटतो. तेव्हा 'आम्ही दिवसातून पाच वेळा वुजू करतो, आम्हाला काही होणार नाही' असं म्हणणारे आपल्यात होते. वुजू ही इबादतीची तयारी आहे आणि त्यात साबण नसतो. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी राहू द्याव्यात.

आता आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. या ग्लासातला साबण बाहेर काढता आला, तर काय होईल? हे करता येतं. मिश्रण बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून ती भरपूर स्वच्छ पाण्यात ठेवायची. साबणाचे सुटे रेणू छिद्रांतून बाहेर जातात, आणि मागे राहिलेले फॉस्फोलिपिड पुन्हा जुळून पडदे करतात, पडद्यांच्या पिशव्या होतात. पित्ताम्लाचं मीठ साबणासारखं वापरून १९७१ साली कागावा आणि रॅकर यांनी याच रीतीने पडदे परत उभे केले आणि त्यांत पेशीची ऊर्जा तयार करणारी प्रथिनं बसवली. म्हणजे पडदा फुटला, मिसळला, पुन्हा झाला, आणि या सगळ्यात एकाही फॉस्फोलिपिडचा एकही बंध तुटला नाही. रेणू तेच राहिले, बदलली ती फक्त त्यांची मांडणी.

आपल्या शरीरात हे रोज घडतं. यकृतातून पित्त निघतं तेव्हा त्यात साबणासारखी पित्तक्षारं असतात आणि सोबत लेसिथिन असतं. दोघांचे मिश्र मायसेल होतात आणि पाण्यात न विरघळणारं कोलेस्टेरॉल त्यांत बसून वाहून जातं. प्रमाण बिघडलं, कोलेस्टेरॉल जास्त झालं, की खडे होतात. लेसिथिन पित्तात सोडणारं प्रथिन जन्मतः सदोष असलं तर आणखी वाईट होतं. पित्तक्षारांना जोडीदार मिळत नाही आणि ते पित्तनलिकांच्या पेशींचेच पडदे विरघळवू लागतात. लहान मुलांचं यकृत त्याने निकामी होऊ शकतं. साबण आणि फॉस्फोलिपिड एकत्र असणं हे आपलं संरक्षण आहे.

आता फुफ्फुसाकडे येऊ. फुफ्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचा पृष्ठभाग सतत आकसायला बघतो, त्यामुळे श्वास सोडताना या पिशव्या मिटून चिकटल्या असत्या. तसं होत नाही, कारण पाण्यावर फॉस्फोलिपिडचा थर पसरलेला असतो आणि तो हा ताण जवळजवळ शून्यावर आणतो. हेच ते सर्फॅक्टंट. नव्वद टक्के स्निग्ध, दहाएक टक्के प्रथिनं. त्यातली बी आणि सी नावाची दोन प्रथिनं फॉस्फोलिपिडला पाण्यातल्या थरांतून पृष्ठभागावर झटपट आणून पसरवतात. बाळ आठव्या महिन्याच्या अखेरीकडे येतं तेव्हा हा साठा पुरेसा होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास फुगा पहिल्यांदा फुगवावा तसा घ्यावा लागतो. थोड्याच तासांत ते थकतं.

मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवलं की या आजाराने गेलेल्या बाळांच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंटच कमी असतं. कारण कळलं, पण औषध नव्हतं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि सुमारे ३९ तासांनी याच आजाराने गेला. जगातल्या सर्वात बलाढ्य माणसाकडे तेव्हा आपल्या बाळासाठी काही नव्हतं. जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसातून काढलेल्या अर्कावर आधारित सर्फॅक्टंट दहा बाळांना दिलं आणि १९८० साली त्याचे परिणाम जाहीर केले. तिथून चित्र पालटलं. स्वीडनमध्ये कर्स्टेड आणि रॉबर्टसन यांनी डुकराच्या फुफ्फुसातून औषध तयार केलं. 'क्युरोसर्फ' हे नाव त्या दोघांच्याच आडनावांतून आलं आहे. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सर्फॅक्टंट आहे. भारतात गाईपासूनची आणि डुकरापासूनची, दोन्ही वापरली जातात.

मग प्राण्याशिवाय करता येत नाही का? केलं गेलं. एक्सोसर्फ नावाचं पूर्ण कृत्रिम औषध १९९० साली अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या एका कुपीत १०८ मिलिग्रॅम फॉस्फोलिपिड, १२ मिलिग्रॅम सिटाइल अल्कोहोल आणि ८ मिलिग्रॅम टायलॉक्सापॉल होतं. टायलॉक्सापॉल हा साबण आहे! ग्लासात आत्ता आपण जी जोडी पाहिली, तीच बाळाच्या फुफ्फुसात पाठवली होती. प्रथिनं नव्हती, म्हणून फॉस्फोलिपिड पसरवायचं काम साबणाला दिलं, आणि त्याचं प्रमाण कमी ठेवलं. त्या औषधाने बाळं वाचली. पण प्राण्यांपासूनचं औषध जास्त लवकर काम करायचं आणि तुलनेत चांगलं ठरलं, कारण त्यात ती प्रथिनं होती. एक्सोसर्फ मागे पडलं.

आता त्या सहीकडे. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण धर्माच्या नावाने जो युक्तिवाद होतो त्यात रसायनशास्त्राचं एखादं विधान दडलेलं असेल, तर ते तपासणं माझं काम आहे.

अशा वेळी दोन युक्तिवाद पुढे येतात. पहिला इस्तिहालाचा, म्हणजे रूपांतराचा. दारूचा सिरका झाला की तो दारू राहत नाही. हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत याच संदर्भात साबणाचं उदाहरण येतं: नापाक तेलापासून केलेला साबण पाक मानावा का? कुवेतमध्ये १९९५ साली इस्लामिक ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल सायन्सेसच्या चर्चासत्रात डुकराच्या चरबीपासून झालेला साबण रूपांतरामुळे पाक ठरतो, असं म्हटलं गेलं. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे उदाहरण चोख आहे. चरबीवर अल्कलीची क्रिया होते, बंध तुटतात, एका रेणूतून ग्लिसरीन आणि साबण असे वेगळे पदार्थ निघतात. ती चरबी उरत नाही. (आपल्या कोकणातल्या शाफई घरांनी हे लक्षात ठेवावं की त्यांच्या मजहबात इस्तिहालाची कक्षा पुष्कळ अरुंद आहे. 'इस्लाम असं म्हणतो' या वाक्यात बरेचदा अनेक मतं दाबलेली असतात.)

बरेच सुशिक्षित लोक हाच युक्तिवाद फुफ्फुसाच्या औषधाला लावतात: 'अहो, त्यावर एवढी प्रक्रिया झालेली असते, ते आता डुकराचं कुठे राहिलं?' मला हे मान्य नाही. ते औषध करताना फुफ्फुस बारीक करतात, धुतात, सेंद्रिय द्रावकांनी त्यातला स्निग्ध भाग ओढून घेतात आणि गाळून शुद्ध करतात. फॉस्फोलिपिड आणि ती दोन प्रथिनं जशीच्या तशी राहावीत, हाच सगळा खटाटोप असतो. ती बदलली तर औषध निकामी. ग्लासात पाहिलंत तसं रेणू सुटतात, मिसळतात, पुन्हा जुळतात, पण रूपांतर होत नाही. सोयीचा निष्कर्ष हवा म्हणून रसायनशास्त्राला खोटी साक्ष द्यायला लावू नये. उद्या कुणी शिकलेला विरोधक उभा राहून हे दाखवून देईल, आणि मग ज्या आईबापांनी तुमच्यावर विसंबून सही केली त्यांच्या मनाला कायमचा चरा पडेल.

दुसरा युक्तिवाद ज़रूरतचा. जीव वाचवण्यासाठी, मुद्दाम मर्यादा ओलांडायची इच्छा नसताना, निषिद्ध वस्तूची मोकळीक कुरआनात सूरह अल-बकराच्या १७३व्या आयतीत आहे. या युक्तिवादाला रेणूंबद्दल काही खोटं सांगावं लागत नाही. तो म्हणतो, हो, हे डुकरापासून आलं आहे, आणि हो, बाळाचा जीव जातोय. माझ्या मते आपण इथेच ठाम उभं राहावं. एक किलो वजनाच्या बाळाला डुकरापासूनच्या औषधाचा पहिला डोस अडीच मिलिलिटर लागतो, अर्ध्या चमच्याएवढा. तो जितका लवकर मिळेल तितका उपयोग जास्त, पहिल्या दोन तासांत मिळाला तर उत्तम.

ज़रूरतच्या युक्तिवादात एक प्रामाणिक अट असते: तितकंच चांगलं दुसरं काही हाताशी आहे का? म्हणून डॉक्टरांना विचारायला हरकत नाही की गाईपासूनचं औषध आत्ता, या मजल्यावर, फ्रीजमध्ये आहे का? असेल आणि डॉक्टरांना या बाळासाठी ते चालत असेल, तर ते घ्या. नसेल तर शोधायला रिक्षा करून बाहेर पडू नका. शेजारच्या पेटीतल्या बाळाचे हिंदू आईबाप कदाचित नेमका उलटा प्रश्न विचारत असतील. डॉक्टरांनाही माझं सांगणं आहे, औषध कशापासूनचं आहे ते लपवू नका. 'सांगितलं तर नाही म्हणतील' या भीतीने गप्प राहिलात आणि नंतर घरच्यांनी खोक्यावर वाचलं, तर पुढची लसही ते कुटुंब घेणार नाही.

लसीवरून आठवलं. २०२०च्या डिसेंबरात 'लसीत डुक्कर आहे' म्हणून किती गदारोळ झाला. पुण्यात तयार झालेल्या कोव्हिशील्डच्या घटकांची यादी प्रसिद्ध होती. त्यात साबणाच्या जातीचा एक पदार्थ होता, पॉलिसॉर्बेट ८०. बाकी हिस्टिडिन, साखर, मीठ, थोडं इथेनॉल असं काही. त्यात जिलेटीन नव्हतं. यादी वाचायला दोन मिनिटं लागली असती.

गरोदर बाईच्या सातव्या महिन्याच्या तपासणीला नवरा, सासू, कुणीतरी सोबत असतंच. तेव्हाच विचारून ठेवा: बाळ लवकर आलं तर इथे सोय आहे का, कोणतं सर्फॅक्टंट ठेवता? मशिदीच्या इमामसाहेबांशी बोलायचं असेल तर तेही तेव्हाच बोला, रात्री दोन वाजता त्यांना उठवून नको.

आणि या खोलीत रसायनशास्त्राची सात-आठ मुलं-मुली दिसताहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून थांबते. फुफ्फुसातल्या बी प्रथिनाची नक्कल करणारा २१ दुव्यांचा एक लहान पेप्टाइड प्रयोगशाळेत बनवून, फॉस्फोलिपिडसोबत घालून केलेलं 'सर्फॅक्सिन' हे औषध २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालं. ना गाय, ना डुक्कर. पण बाजारात ते टिकलं नाही आणि काही वर्षांतच त्याचं उत्पादन थांबलं. बी आणि सी दोन्हींच्या नकला एकत्र घालण्याचे प्रयत्नही झाले आहेत. फॉस्फोलिपिड पृष्ठभागावर पुरेशा वेगाने पसरवणारा, स्वस्तात बनणारा, साठवणीत न बिघडणारा जोडीदार कोणता, हा प्रश्न अजून उघडा आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.